काळी काच पुरेशी नाही

फॅब्रिकेशनच्या दुकानांत आता हातात धरून चालवायचं लेझर वेल्डिंगचं यंत्र येऊ लागलंय. स्टीलचे कठडे, गेट यांचे सांधे त्यानं झटपट जुळतात. तुमच्या घरचं कुणी हे काम करत असेल, किंवा तुम्ही स्वतः करत असाल, तर आजचं बोलणं चष्म्याविषयी आहे.

साध्या वेल्डिंगचा उजेड लागला की रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं. आपण बटाट्याच्या चकत्या ठेवतो. गारवा वाटतो एवढंच, दुखणं एक-दोन दिवसांत आपोआप ओसरतं. लेझरचं तसं नाही. त्याचा किरण दिसतच नाही. उन्हात भिंग धरून कागद जाळतात ना, तसं आपल्या डोळ्यातलं भिंग हा किरण मागच्या पडद्यावर टिंबाएवढ्या जागी गोळा करतं. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून भाजलं तरी दुखत नाही. आणि जळालेली जागा भरून येत नाही. चकचकीत पत्र्यावरून उडालेला किरणही हे करू शकतो.

"काळी काच आहे की!" असं कुणी म्हणेल. ती साध्या वेल्डिंगसाठी असते, या किरणाची खात्री ती देत नाही. हिरवा-निळा रंग पाहूनही चष्मा घेऊ नका. त्यावर छापलेले आकडे वाचा, नसतील तर दुकानदाराला परत द्या.

पहिला आकडा तरंगलांबीचा. अशी बहुतेक यंत्रं १०७० ते १०८० नॅनोमीटरच्या आसपास चालतात, यंत्राच्या पट्टीवर ते लिहिलेलं असतं. चष्म्यावर समजा ९००–११०० असेल, तर १०८० त्यात बसतं. लाकूड, अ‍ॅक्रिलिक कापायच्या सीओटू लेझरचा चष्मा १०६०० चा असतो. एक शून्य जास्त, आणि इथे तो बिनकामाचा.

दुसरा आकडा 'ओडी'. ओडी ६ म्हणजे दहा लाख भागांतला एकच भाग आत येतो, ७ म्हणजे कोटीतला एक. ५ आणि ६ मध्ये एकाचा नाही, दहापटीचा फरक आहे. यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलाय त्याहून कमी घेऊ नका. तोही त्याच तरंगलांबीसमोर छापलेला हवा.

चष्मा बाजूनेही झाकणारा हवा. खोल चरा पडला, तडा गेला की तो बाद. वेल्डिंगचा झगझगाट वेगळाच असतो, त्यासाठी लेझरलाही चालणारं हेल्मेट लागतं. एवढं करूनही किरणाकडे सरळ बघायचं नाही. नजरेत डाग दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

जवळ उभ्या असलेल्यांनाही तसाच चष्मा लागतो. तेव्हा डबा घेऊन गेलात तर दाराबाहेरूनच हाक मारा. यंत्र बंद झाल्यावर आत जा, आणि पोरांना तिकडे नेऊच नका.