माशीला कुंपण कशासाठी?

अमेरिकेच्या वायव्य भागातील सिअॅटल शहरात घराच्या आवारात मधमाश्या, कोंबड्या आणि अगदी शेळ्यासुद्धा पाळता येतात. अर्थात काही अटींवर. मधपेटीसंबंधीची एक अट अशी आहे : पेटी आवाराच्या हद्दीपासून २५ फुटांच्या आत ठेवू नये. जागा कमी असेल, तर ती जमिनीपासून निदान ८ फूट उंचीवर ठेवावी. नाहीतर हद्दीला समांतर असे ६ फूट उंचीचे भरीव कुंपण घालावे आणि ते पेटीच्या दोन्ही बाजूंना किमान २० फूट पुढे न्यावे.

हे वाचून वर्गातला एखादा विद्यार्थी नक्की विचारेल, ‘माशीला कुंपण कसले? ती तर उडून जाईल!’ प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो की असे नियम कशाच्या आधारे करायचे हेही आपल्याला कळू लागते.

भरभराटीच्या काळात युरोपीय मधमाश्यांच्या एका वसाहतीत ४०-५० हजार माश्या असू शकतात. त्यांतल्या हजारो कामकरी माश्या दिवसभर पेटीच्या दारातून ये-जा करतात. दारासमोर मोकळी जागा असेल, तर त्यांचा मार्ग बराच अंतर जमिनीलगत राहतो. त्या मार्गात माणूस आला की माश्या आपटतात, केसांत अडकतात आणि डंख करतात. समोर भरीव अडथळा असला, तर त्यांना लगेच वर चढावे लागते आणि पुढे त्या माणसाच्या डोक्यावरून जातात. म्हणजे कुंपण माशीला अडवत नाही, तिचा रस्ता उंच करते. गच्चीवरची पेटी हेच काम कुंपणाशिवाय करते. आणि कुंपण दोन्ही बाजूंना लांब का? तर माश्यांनी त्याला वळसा घालून पुन्हा खालून जाऊ नये म्हणून.

आता न्यूयॉर्ककडे वळू. तिथे १९९९ मध्ये मधमाश्यांचा समावेश पाळण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत झाला. तरीही काही लोक गच्च्यांवर चोरून पेट्या ठेवतच होते. चोरून ठेवलेल्या पेटीची नोंद नसते. तिच्यातून थवा बाहेर पडला, तर बोलावायचे कोणाला? मार्च २०१० मध्ये ही बंदी उठवली गेली आणि तिच्या जागी अटी आल्या : पाळणाऱ्याने आरोग्य खात्याकडे नोंद करावी, चौकटी बाहेर काढून तपासता येतील अशीच पेटी वापरावी, माश्यांना सतत पाणी मिळेल अशी सोय करावी आणि थवा निघाल्यास ताबडतोब बंदोबस्त करावा.

यातली पाण्याची अट वरवर किरकोळ वाटते. पण अळ्या जिथे वाढतात तिथले तापमान माश्या ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. उन्हाळ्यात त्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालून त्याची वाफ होऊ देतात. पेटीजवळ पाणी नसले की त्या शेजाऱ्याच्या नळावर जातात, आणि एकदा सापडलेली पाण्याची जागा सहसा सोडत नाहीत. म्हणून पाण्याचे भांडे पहिल्या दिवसापासूनच ठेवावे लागते.

कोंबड्यांबाबत सिअॅटलने २०१० मध्ये मर्यादा ३ वरून ८ पर्यंत वाढवली, पण नवे कोंबडे पाळण्यास मनाई केली. न्यूयॉर्कमध्येही कोंबडी चालते, कोंबडा चालत नाही. मग अंडी कशी मिळणार? कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते. फक्त त्यांतून पिले निघत नाहीत. खुराडे झाकून कोंबड्याला गप्प करता येईल, हा समजही टिकत नाही. जपानमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही आपल्या अंतर्गत घड्याळानुसार आरवतात. त्यांना उजाडण्याची वाट पाहावी लागत नाही!

शेळ्यांना सिअॅटलने २००७ मध्ये परवानगी दिली. मात्र शेळ्या ठेंगण्या जातीच्या, शिंगे काढलेल्या आणि बोकड खच्ची केलेला हवा. माजावर आलेल्या बोकडाचा उग्र वास ज्याने घेतला आहे, त्याला या अटीचे कारण सांगायला नको.

इथवरचे सर्व नियम शेजारच्या माणसाचा विचार करतात, आणि तो करायलाच हवा. डंखाची तीव्र अॅलर्जी असलेल्याचा एका डंखानेही जीव धोक्यात येतो. परंतु माणसाखेरीज आणखीही शेजारी असतात. सिअॅटलमध्ये १०,००० चौरस फुटांपेक्षा लहान भूखंडावर ४ पेट्यांची मर्यादा आहे. या मर्यादेने अंगणातली वर्दळ आटोक्यात राहते. पण माशी अन्नासाठी अंगणात थांबत नाही. ती ३ किलोमीटरपर्यंत फिरते असे धरले, तर तिच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस किलोमीटर होते. प्रत्येक भूखंडाने नियम पाळला, तरी एवढ्या परिसरातली फुले सर्व पेट्यांना पुरतील याची हमी नाही. लंडनच्या क्यू उद्यानाने २०२० च्या अहवालात हाच इशारा दिला : शहरात पेट्या फार वाढल्या, तर फुलांवर जगणाऱ्या रानमाश्यांचे अन्न कमी पडते. ‘माश्या वाचवा’ म्हणून आणखी पेट्या ठेवण्यापेक्षा आणखी फुलझाडे लावणे अधिक उपयोगी ठरू शकते.

हे नियम आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. पेटीत राहतात त्या सातेरी आणि युरोपीय माश्या; त्या अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधतात. आपल्या इमारतींच्या सज्जांखाली दिसते ते बहुधा आग्या माश्यांचे एकच मोठे, उघडे पोळे. ही माशी पेटीत राहत नाही आणि ऋतूनुसार स्थलांतर करते. तिला मालकच नाही, मग नोंदणी कोणी करायची? तिच्यासाठी नियम करायचा तर तो माणसांना उद्देशून करावा लागेल : दगड मारू नये, खाली धूर करू नये, पोळे जाळू नये, आणि ते वर्दळीच्या जागी असेल तर जाणकाराला बोलवावे.

शिक्षकांनी वर्गात एक छोटा उपक्रम करून पाहावा. फळ्यावर वरच्या नियमांतले आकडे लिहावेत : २५ फूट, ८ फूट, ४ पेट्या, ८ कोंबड्या. प्रत्येक आकड्यापुढे विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी लिहाव्यात : प्राण्याच्या कोणत्या सवयीमुळे ही अट आली असावी, आणि या अटीने कोणता प्रश्न सुटत नाही. काही आकड्यांमागे जीवशास्त्र सापडेल. काहींमागे, उदाहरणार्थ ९ नाही आणि ८ च का, केवळ शेजाऱ्यांमधली तडजोड असेल. हा फरक विद्यार्थ्यांना ओळखता आला, तर पुढे शाळेच्या किंवा सोसायटीच्या नियमांकडेही ते याच नजरेने पाहू लागतील.