महाधमनीवरचा चिमटा

धंतोलीतल्या एखाद्या मोठ्या इस्पितळात, ऑपरेशन थिएटरबाहेर सकाळी नऊच्या सुमारास जाऊन बसावे. बाकड्यावर कुणी गोंदियाहून आलेले असते, कुणी वणीहून, कुणी छिंदवाड्याहून. सोबत थर्मास, पिशवीत पोळ्या आणि घड्याळाकडे वळणारी नजर. काही वर्षांपूर्वी अशाच एका बाकड्यावर शेजारी बसलेल्या वयस्क शेतकऱ्याने मला विचारले होते, "भाऊ, आतमंदी दिल बंद करतेत म्हन्ते. मंग मानूस जित्ता कसा राह्यते?" त्यांच्या धाकट्या भावाची बायपास सुरू होती. मी मशीनबद्दल काहीबाही सांगितले. ते अर्धवट होते. खरे उत्तर वीत-दीड वीत लांबीच्या एका पोलादी चिमट्यात आहे.

घरातला नळ दुरुस्त करायचा तर आधी कॉक बंद करावा लागतो. हृदयाचेही तसेच. हृदयातून निघणारी महाधमनी अंगठ्याहून जाड असते आणि साऱ्या शरीराचे रक्त तिच्यातून जाते. तिच्या अगदी मुळाशी, झडपेच्या लगेच वर, हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या फुटतात. बायपास करायची ती यांच्याच फांद्यांवर, आणि या फांद्या जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या. धडधडत्या हृदयावर केसाहून बारीक धाग्याने टाके घालणे अवघड. म्हणून रुग्णाला आधी हार्ट-लंग मशीनवर घेतात आणि मग महाधमनीवर चिमटा आडवा लावतात. डॉक्टर त्याला क्रॉस-क्लॅम्प म्हणतात. चिमट्याच्या वरच्या बाजूला मशीनचे रक्त मेंदूला, मूत्रपिंडांना, पायांना पोचत राहते. खालच्या बाजूला हृदय एकटे, कोरडे. माणूस जिवंत राहतो तो असा.

चिमटा लागला की मशीन चालवणारा तंत्रज्ञ वेळ टिपून ठेवतो. मग चिमट्याखालच्या भागात पोटॅशियमयुक्त थंड द्रावण सोडतात आणि हृदय सैल पडून थांबते. साधारण दर वीस मिनिटांनी हा डोस पुन्हा द्यावा लागतो. नेहमीच्या बायपासला हा चिमटा तास-दीड तास राहतो. त्यापुढे जसजसा वेळ वाढेल तसतशी हृदयाच्या स्नायूची किंमत मोजावी लागते. ही युक्ती सहज साधलेली नाही. 1955 साली लंडनच्या डॉ. मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवून दाखवले. पण मात्रा इतकी तीव्र होती की स्नायूलाच इजा होऊ लागली आणि पद्धत मागे पडली. सौम्य द्रावणे घेऊन ती परतली 1970 च्या दशकात.

हृदय सांभाळले गेले, पण चिमट्याचा दुसरा धोका मेंदूला आहे. साठी-सत्तरीच्या माणसाच्या महाधमनीत आतून चरबीचे आणि चुन्याचे थर बसलेले असतात. (खर्ऱ्यातला चुना तिथे जात नाही, हे आपल्या खर्राप्रेमींच्या समाधानासाठी सांगून ठेवतो, त्यातल्या तंबाखूबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.) काहींची महाधमनी तर चिनी मातीच्या बरणीसारखी टणक झालेली असते. तिला चिमट्यात दाबले की कपची सुटते, रक्ताबरोबर डोक्यात जाते आणि हृदय दुरुस्त झालेला माणूस अर्धांगवायू घेऊन शुद्धीवर येतो. शंभरात एक-दोघांना हे घडते. वय आणि धमनीतला चुना वाढला की प्रमाणही वाढते. म्हणून जाणता सर्जन चिमटा लावण्यापूर्वी महाधमनी बोटांनी चाचपतो, शक्य तिथे थेट तिच्यावर सोनोग्राफी करतो.

बाहेरून दाबण्याऐवजी आतून बूच मारता आले तर? 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हार्टपोर्ट कंपनीने जांघेतल्या धमनीतून वर सरकवायची एक नळी आणली. तिच्या टोकाला फुगा. महाधमनीत पोचून तो फुगवला की वाट बंद. त्याच नळीतून हृदयाला द्रावणही देता येते. छातीचे हाड उभे कापायची गरज नाही. कल्पना देखणी होती, पण फुगा जागचा हलतो. वर सरकला तर मेंदूकडे जाणारी वाटच बुजवतो, म्हणून उजव्या हातातल्या रक्तदाबावर सतत डोळा ठेवावा लागतो. काही रुग्णांत महाधमनीचा आतला पापुद्रा फाटला. आज तो मुख्यतः झडपेच्या आणि रोबोटच्या साह्याने होणाऱ्या शस्त्रक्रियांत वापरतात. नेहमीच्या बायपासमध्ये पोलादी चिमट्याची जागा त्याला घेता आली नाही.

आपल्याकडे वेगळाच मार्ग रुळला. हृदय न थांबवता, टाक्यापुरता भाग आधाराने स्थिर धरून बायपास. मशीनचा खर्च वाचतो, हेही त्याचे एक कारण. 2009 मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर 'धडधडत्या हृदयावरची बायपास' हा शब्द घरोघरी गेला आणि तीच श्रेष्ठ अशी समजूत झाली. ती तपासून घ्यावी. 19 देशांतल्या 4,752 रुग्णांच्या पाहणीत 2012 साली महिनाभरात आणि पुढे पाच वर्षांनीही दोन्ही पद्धतींत मृत्यू किंवा पक्षाघाताचा लक्षणीय फरक दिसला नाही. शिवाय पायाची शीर जोडण्यासाठी अशा शस्त्रक्रियेतही महाधमनीला अनेकदा बाजूने अर्धा चिमटा लावतातच. म्हणून नातेवाइकांनी विचारायचे ते असे: महाधमनीत चुना किती आहे आणि तिला हात न लावता भागेल का?

विदर्भात आणखी एक प्रश्न जोडावा लागतो. 1958 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. आज आपल्या भागात त्याचे वाहक हजारोंनी आहेत, आणि अनेकांना आपण वाहक असल्याचा पत्ताही नसतो. कारण रोजच्या जगण्यात त्रास होत नाही. पण थंडावा, साचलेले रक्त, प्राणवायूची चणचण यांत अशा पेशी कोयत्यासारख्या वाकतात, आणि चिमटा लावलेल्या हृदयात नेमकी हीच स्थिती असते. आधी कळले तर उपाय आहेत. द्रावण कोमट रक्तात मिसळून देतात, शरीर फार थंड करीत नाहीत. प्रत्यक्ष आजार असेल तर आधी रक्त बदलतात. प्राथमिक चाचणी स्वस्त आहे आणि काही मिनिटांची. ती आडनाव पाहून ठरवू नये. बायपासला निघालेल्या प्रत्येक वैदर्भीयाची व्हावी, असे माझे मत आहे.

त्या दिवशी दुपारी दार उघडले. सर्जन बाहेर आले, सगळे ठीक आहे म्हणाले. चिमटा निघाल्यावर हृदयात ऊन रक्त शिरले, ते थोडे थरथरले, विजेचा एक हलका झटका द्यावा लागला आणि ते चालू झाले. शेतकऱ्याने हात जोडून एवढेच विचारले, "किती वेळ बंद होतं, साहेब?"

"57 मिनिटे."

सर्जन गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "तेवढ्या वेळात म्या तमाखूची चिमूट नाही घेतली, भाऊ," म्हणाले, आणि खिशातली डबी काढून माझ्या हातात दिली.