उजेडाकडे तोंड करून

पुण्यात सगळ्यांत उशिरा सूर्य उगवतो तो २१-२२ डिसेंबरला नव्हे, संक्रांतीच्या आसपास. सर्वांत मोठी रात्र डिसेंबरात येऊन जाते, पण सूर्योदय त्यानंतरही काही आठवडे मागे सरकत राहतो आणि जानेवारीच्या मध्याला सात वाजून दहा मिनिटांच्या घरात पोचतो. नोकरी सांभाळून फोटो काढणाऱ्याला ही फार मोठी सवलत आहे. मे महिन्यात सहाला उजाडतं आणि आठ वाजता ऊन पांढरंफटक झालेलं असतं. जानेवारीत आठ वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण अकराच अंश वर असतो, आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या पाचपट लांब पडते. डबा भरून व्हायच्या आत घरी परतता येतं, तरी सकाळचा सगळा चांगला उजेड पदरात पडलेला असतो.

हिवाळ्यातलं शहर म्हटलं की फोटोग्राफीच्या इतिहासात पहिल्यांदा बर्फ दिसतो. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी १८९३ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभं राहून काढलेला घोडागाडीचा फोटो प्रसिद्ध आहे. हातात धरायच्या छोट्या कॅमेऱ्याने असं काही टिपता येईल यावर तेव्हा जाणकारांचा विश्वास नव्हता. स्टीग्लिट्झ स्वतःला अभिमानाने हौशी म्हणवून घेत. त्यांनी त्या निगेटिव्हचा पुष्कळसा भाग कापून टाकला आणि हवा तेवढाच छापला. उभं राहण्याची चिकाटी आणि नको ते कापण्याची हिंमत, या दोन्ही गोष्टी मी त्या एका चित्राकडून घेतल्या.

पण आमच्याकडे बर्फ नाही. पारा दहाच्या खाली गेला की वर्तमानपत्रात बातमी येते, आणि रस्त्यावर मात्र थंडी दाखवायला कानटोप्या आणि मफलर एवढंच असतं. अनेक हिवाळे असे काढल्यावर माझं मत असं झालं आहे की आपल्याकडे हिवाळ्याचा फोटो हा थंडीचा नसतोच, तो हवेचा असतो. वर्षभर न दिसणारी हवा या तीन महिन्यांत डोळ्यांना दिसू लागते. चहाची वाफ, शेकोटीचा धूर, झाडूने उडालेली धूळ, नदीवरचं धुकं. ती टिपायची तर सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं ही शिकवण बाजूला ठेवावी लागते. वाफेचे थेंब आणि धुराचे कण त्यांच्यावर पडलेला उजेड बराचसा पुढच्याच दिशेने पसरवतात. म्हणून उजेड त्यांच्या मागून येत असेल आणि आपण समोर असू, तरच ते उजळतात. आणि त्यांच्या पाठीशी काहीतरी काळोखं लागतं. पांढऱ्या भिंतीपुढची वाफ कितीही दाट असली तरी फोटोत उतरत नाही.

म्हणून मी आधी काळोख शोधतो. महात्मा फुले मंडई या कामासाठी अपूर्व जागा आहे. १८८६ सालची ती दगडी इमारत सूर्य वर येईपर्यंत स्वतःच एक मोठी सावली असते आणि तिच्या कडेने पूर्वेचं ऊन गल्लीत शिरतं. या दिवसांत पाट्यांमध्ये मटार, पावटा, ओली तूर, सोलाणा, लालबुंद गाजरं. रंगांची चंगळ असते, पण मी शक्यतो भाजीच्या मागे लागत नाही. गाडीवरून पोती उतरवणाऱ्या हमालाच्या तोंडातून निघणारा श्वास दिसतो तो क्षणभरच, आणि तोही हवा पुरेशी गार असली तर. तो दिसावा म्हणून मागे सावलीतला दगड हवा. एकदा जागा ठरली की तिथेच थांबायचं. माणसं येत राहतात, चौकट आपली तयार असते.

जवळच्या अमृततुल्यमध्ये पितळी पातेल्यातून चहा उंचावरून ओतला जातो तेव्हा वाफेचा पडदा उठतो आणि मालकाचा चेहरा जाऊन पुन्हा येतो. पहिल्या दिवशी विचारलं होतं, "काका, फोटो काढला तर चालेल का?" ते म्हणाले, "काढा की. पण गिऱ्हाइकाच्या मधे येऊ नका." ही अट मला आजही योग्य वाटते. आपली हौस दुसऱ्याच्या कामाच्या वेळेत चाललेली असते. शेकोटीपाशी तर मी विचारल्याशिवाय कॅमेरा वर करत नाही. पुठ्ठे आणि पाचोळा पेटवून बसलेले रात्रपाळीचे रखवालदार ऊब घ्यायला बसलेले असतात, चित्र व्हायला नव्हे. आधी बसायचं, हात शेकायचे, गाव कुठलं ते विचारायचं. फोटो नाही मिळाला तरी बसणं वाया जात नाही. मिळाला तर पुढच्या खेपेला छापून नेऊन द्यायचा. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोपेक्षा हातात दिलेल्या कागदाचं मोल वेगळं असतं, हे देताना लगेच कळतं.

तंत्राबद्दल थोडंच, कारण लागतंही थोडंच. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरतो. दाट धुक्यासमोर तो फसतो आणि चित्र मळकट करतो. तेव्हा एक्स्पोजर अर्ध्या ते एका स्टॉपने वाढवावं लागतं. बर्फातही नेमकं हेच करतात. उलट, काळोखापुढे उजळलेली वाफ असेल तर एका स्टॉपने कमी करावं, नाहीतर वाफेचे पापुद्रे जाऊन नुसता पांढरा डाग राहतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये. सकाळच्या उन्हाचा पिवळेपणा आणि सावलीचा निळेपणा हाच हिवाळ्याचा रंग आहे, आणि ऑटो त्या दोघांनाही दुरुस्त करायला जातो. मी डेलाइटवर कायम ठेवतो. मोबाइलवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करता येतं, मग बोट खाली ओढून उजेड उतरवता येतो. एचडीआर बंद करायची सोय असेल तर जरूर करावी. सावल्या उजळवण्याच्या नादात ते काळोख घालवतं, आणि काळोख गेला की धूरही जातो. महागडी लेन्स लागत नाही. माझी मंडईतली बहुतेक चित्रं ५० एमएमच्या साध्या लेन्सची आहेत.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून उजाडताना वर उभं राहिलं की ही हवा दुरून कशी दिसते ते कळतं. पेठांवर धुराचा एक थर पसरलेला असतो आणि त्याची वरची कड चक्क सरळ रेषेत असते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला लागून असलेली हवा थंड होऊन जड होते आणि खाली बसते. तिच्या वरची हवा तुलनेने उबदार. एरवी वर जाताना हवा गार होत जाते, इथे काही अंतरापर्यंत उलटं असतं, म्हणून या उलट्या थराचं झाकण शहरावर बसतं. रात्रभरचा सगळा धूर त्याच्याखाली अडकतो. ऊन जमिनीपर्यंत पोचून ती तापू लागली की झाकण मोडतं, साधारण नऊच्या पुढे. त्याआधी उंच इमारतींचे माथे धुरातून वर आलेले असतात आणि त्यांच्यामधलं अंतर डोळ्यांना मोजता येतं, कारण मागची प्रत्येक इमारत पुढचीपेक्षा फिकट असते.

हाच देखावा राजगडावर पाहिला तेव्हा मला शहरातली आणि प्रवासातली अशा दोन वेगळ्या हौशी आहेत असं वाटेनासं झालं. गडाच्या पायथ्याच्या खोऱ्यांतही रात्री हेच घडतं. डोंगरउतारांवरची थंड हवा खाली ओघळते, तळाशी साठते, धरणांच्या पाण्याची आणि भिजवलेल्या शेतांची ओल तिला मिळते आणि पहाटे खोरं धुक्याने काठोकाठ भरतं. वरची कड तशीच सरळ. पर्वतीवरून इमारती वर आलेल्या दिसतात, इथे डोंगरांच्या सोंडा.

अशा वेळी बहुतेकजण वाइड लेन्स काढतात. सगळं मावावं ही ओढ स्वाभाविक आहे, पण सह्याद्रीत ती घात करते. वाइडमध्ये आकाश आणि पुढचं गवत मोठं होतं, डोंगर मागे जाऊन बारीक होतात. मी २०० एमएमच्या आसपास जातो. एकामागे एक पाच-सहा रांगा जवळ येतात, पहिली जवळजवळ काळी, शेवटची आकाशापासून वेगळी ओळखू न येणारी निळसर. तो निळेपणा हवेचाच आहे. मधे जितकी हवा जास्त तितका विखुरलेला निळा उजेड जास्त. धुक्यात ऑटोफोकस चाचपडत राहतो, त्याला एखाद्या सोंडेची गडद कड द्यावी लागते.

आणि एकदा तरी मागे वळून पाहावं. सूर्योदयाला सुवेळा माचीवर जायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथलं नेढं आणि पूर्वेचं आकाश दोन्ही त्या लायकीचेच आहेत. पण बालेकिल्ल्यावरून पश्चिमेकडे तोंड केलं तर गडाची सावली खालच्या धुक्यावर पडलेली दिसते. राजगडाचा आकार तीन माच्यांचा, पसरट. सावली मात्र दूरवर निमुळती होत जाऊन त्रिकोणी दिसते. लांब जाणारे रेल्वेचे रूळ एकत्र आल्यासारखे वाटतात, त्याच कारणाने. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पूर्वेपासून जवळजवळ पंचवीस अंश दक्षिणेला सरकून उगवतो, म्हणजे सावली पश्चिमेपासून तेवढीच उत्तरेकडे झुकते, आणि राजगडावरून त्याच बाजूला तोरणा आहे. उगवतीनंतर थोडा वेळ एका गडाच्या सावलीचं टोक दुसऱ्या गडाकडे रोखलेलं असतं. जून महिन्यात आकाश मोकळं मिळालं तरी ते तिकडे वळणार नाही. हे दृश्य हिवाळ्याचंच.

घरी आल्यावर संगणकावर फार काही करत नाही. हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये धूसरपणा पुसून टाकणारी एक पट्टी असते. ती ओढली की डोंगर करकरीत होतात, आणि ज्यासाठी पहाटे उठलो तेच निघून जातं. उलट दिशेने ओढून नसलेलं धुकं आणता येतं. तेही मला मान्य नाही. त्या सकाळी खोरं कोरडं होतं तर चित्रातही ते कोरडंच असावं.

एक गोष्ट मात्र मी नेमाने करतो. प्रत्येक फोटोखाली जागा आणि वेळ लिहितो, आणि त्यातलं पांढरं काय आहे ते लिहितो: धुकं, वाफ, धूळ की धूर. कॅमेऱ्याला हा फरक नीट कळत नाही. पाहणाऱ्याला तर नाहीच. पर्वतीवरून काढलेल्या पेठांच्या चित्रांना लोक "काय सुंदर धुकं आहे" म्हणतात तेव्हा मी सांगतो की हा धूर आहे, यात कुठेतरी पेटवलेला कचरा आहे, गाड्या आहेत, आणि खाली राहणारी माणसं तो श्वासात घेत आहेत. चित्र सुंदर आहे हे मला नाकारायचं नाही. पण ते सुंदर आहे म्हणून नाव बदलायचं नाही. तीच जागा, तीच पायरी, तेवढीच लेन्स धरून दर हिवाळ्यात मी ते पुन्हा काढतो, धुराची कड किती उंचीवर आहे आणि तिच्या वर किती नव्या इमारती आल्या ते पाहायला. जुन्या चित्रांत नदीपलीकडची टेकडी कड्यापासून पायथ्यापर्यंत दिसते. अलीकडच्या काहींत तिचा फक्त माथा आहे, आणि खाली माझ्या हाताने लिहिलेलं आहे: सकाळी ७.४०, धूर.