वासोटा: गड नंतर, होडी आधी

साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला पोचणाऱ्या बऱ्याच मंडळींच्या लेखी वासोटा म्हणजे सिंहगडाचा लांबचा भाऊ. मनात आलं की चढायचं, दही-पिठलं खाऊन उतरायचं. पण हा गड कोयना अभयारण्यात आहे आणि अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे इथे फिरायलाही परवानगी लागते. पावसाळ्यात तर मार्ग बंदच असतो.

‘चढ दोन-अडीच तासांचा, मग दहाला निघालं तरी चालेल’ हा हिशेब सगळ्यांत जास्त फसवतो. इथला दिवस चढावर नाही, शिवसागर जलाशयावर ठरतो. होडीने पलीकडे जायला तास-दीड तास, परतायला तितकाच. पैलतीरी मेट इंदवलीला वनखात्याची चौकी. तिथे नावं नोंदवतात, पिशव्या उघडून बघतात, प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजून अनामत घेतात. उतरल्यावर मोजदाद जुळली की पैसे परत. गडावर मुक्कामाला मनाई, त्यामुळे दिवसाउजेडी होडीत बसणं भागच. म्हणून वेळ धरायची ती परतीच्या होडीपासून मागे मोजत. वर मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं आणि बाबुकडा निवांत बघायचा, तर बामणोलीहून सकाळीच निघायला हवं.

वाट मळलेली आहे, मग वाटाड्या कशाला? वाट दाखवणं हे त्याचं किरकोळ काम. रान इतकं दाट की चार-सहा पावलांवरचा गवाही दिसू नये. शेण ताजं आहे की कालचं, वारूळ अस्वलाने कधी उकरलं, भेकर का भुंकतंय, यावरून थांबायचं की पुढे जायचं हे तो ठरवतो.

आरडाओरडा केला की जनावरं लांब राहतात, हे अर्धंच खरं. अस्वलाशी अचानक गाठ पडू नये म्हणून साध्या आवाजात बोलत चालणं चांगलंच. स्पीकरवर गाणी लावणं हा मात्र शुद्ध आचरटपणा. आणि एवढी काळजी वाघ-बिबट्याची करणारे लोक आग्या माश्यांना विसरतात. कड्याकपारींत त्यांची मोहळं लटकलेली असतात. धुराने, उग्र अत्तराने, मारलेल्या दगडाने त्या उठतात आणि मग दूरवर पाठलाग करतात. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर माश्यांनी ट्रेकर घायाळ केल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. चूल पेटवायचा बेत त्यामुळेही रद्द. अभयारण्यात आग लावणं तसाही गुन्हा आहे.

राहिला वाघ. व्याघ्र प्रकल्प म्हटलं की ताडोबा आठवतो, पण डिसेंबर २०२३मध्ये सह्याद्रीच्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला तर त्याचीच बातमी झाली होती. पायी येणाऱ्याने शेंड्यांकडे बघावं: शेकरू आणि त्याची काटक्या-पानांची घरटी दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त.