प्रत्यारोपणानंतरची औषधमात्रा आणि विकरबल

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले रुग्ण आता आपल्याही चिकित्सालयांत येतात. तक्रार बहुधा अरुचीची वा खोकल्याची, म्हणजे साधीच असते. परंतु लेखणी उचलण्यापूर्वी त्या शरीरात कोणता नाजूक तोल सांभाळला जात आहे, हे वैद्याने जाणणे अगत्याचे आहे.

परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून या रुग्णांना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. मात्रा न्यून झाल्यास अवयव गमावण्याचे भय, अधिक झाल्यास जंतुसंसर्गाचे. यांपैकी मायकोफेनोलेट हे आयएमपीडीएच नामक विकराला, म्हणजेच एन्झाइमला रोखते. लसिकापेशींना वृद्धीसाठी लागणारे ग्वानीनयुक्त घटक मुख्यत्वे याच विकराच्या मार्गाने मिळतात. मार्ग अडला की त्यांची वाढ खुंटते. मात्र या विकराचे बल व्यक्तिपरत्वे पुष्कळ भिन्न असते. रक्तातील औषध मोजल्याने औषध किती पोचले हे कळते, कार्य किती झाले हे कळत नाही. बर्लिनच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रत्यारोपणापूर्वी ज्यांचे विकरबल अधिक होते आणि पुढे ज्यांची मात्रा घटवावी लागली, त्यांच्यात अवयव नाकारला जाण्याचे प्रमाण अधिक आढळले. अग्निबल पाहून मात्रा ठरविण्यास शिकलेल्या आम्हांस यात ओळखीचे काही दिसते. तथापि विकर म्हणजेच अग्नी, असे समीकरण मांडण्याचा उतावीळपणा आम्ही करणार नाही. ही तपासणी अद्याप नित्यव्यवहारात रुळलेली नाही.

टॅक्रोलिमसचा विषय आपल्या अधिक जवळचा. यकृत व आतड्यांतील सीवायपी ३ए गटाची विकरे त्याचे विघटन करतात. त्यांतील सीवायपी ३ए५ ज्यांच्यात कार्यक्षम असते, त्यांना प्रारंभी साधारणतः दीड ते दोन पट मात्रा लागते. जनुकतपासणीने हे आधी समजू शकते. तरी रक्तपातळी वारंवार पाहावीच लागते.

आता आपले सितोपलादि चूर्ण घ्या. त्यात पिंपळी आहे, आणि पिंपळीतील पायपरीन सीवायपी ३ए४ या विकरास रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्रिकटूचेही तेच. टॅक्रोलिमसची पातळी वाढली तर इजा त्याच नव्या मूत्रपिंडाला होते. पातळी वाढलेली पाहून तज्ज्ञाने मात्रा घटवावी आणि इकडे खोकला थांबला म्हणून रुग्णाने चूर्ण सोडावे, म्हणजे पातळी उतरून उलट धोका उभा राहतो. आणि चूर्णाची वार्ता तज्ज्ञाला कोणी दिलेलीच नसते. म्हणून अशा रुग्णास आम्ही पिंपळीयुक्त कल्प देत नाही, गुडूचीसारखी व्याधिक्षमत्व वाढविणारी रसायने टाळतो आणि त्याच्या प्रत्यारोपण तज्ज्ञांशी बोलल्यावाचून नवे काहीही आरंभीत नाही.