थोरल्याचा हेतू आणि धाकट्याचा भोग : 'नारुतो'मधील इताचीविषयक वादासंबंधी

एखाद्या पात्राच्या वर्तनामागील हेतू वाचकाला उशिरा कळला, तर त्या वर्तनाचे नैतिक स्वरूप बदलते काय, हा कथनात्म साहित्याच्या अभ्यासातील जुना प्रश्न आहे. अलीकडच्या काळात तो सर्वाधिक आवेशाने चर्चिला गेला तो मासाशी किशिमोतो यांच्या 'नारुतो' या जपानी चित्रकथेच्या, म्हणजे 'मांगा' या प्रकारातील कृतीच्या संदर्भात. आपल्या पदव्युत्तर वर्गांतील अनेक विद्यार्थ्यांना ही कृती तोंडपाठ असते. अध्यापकांपैकी फार थोड्यांनी ती वाचलेली असते. त्यामुळे प्रथम तिचा आवश्यक तेवढा परिचय करून देणे इष्ट ठरेल.

'नारुतो' ही चित्रकथा शुएइशा या प्रकाशनसंस्थेच्या 'साप्ताहिक शोनेन जंप' या नियतकालिकातून १९९९ ते २०१४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची ७०० प्रकरणे ७२ खंडांत संग्रहित आहेत. हे साप्ताहिक मुख्यतः किशोरवयीन मुलांसाठी निघते आणि मैत्री, परिश्रम व विजय ही त्याची घोषित त्रिसूत्री आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यास त्याचा खप ६५ लाखांच्या घरात पोहोचला होता. अशा लोकप्रिय आणि कुमारवाचकाभिमुख व्यासपीठावरून भावंडांमधील क्रौर्याचे इतके गुंतागुंतीचे चित्रण व्हावे, ही गोष्टच मुळात अभ्यासकाचे कुतूहल जागवणारी आहे.

कोनोहा या निंजांच्या गावात उचिहा नावाचे एक प्रतिष्ठित कुळ नांदत असते. त्या कुळातील इताची हा थोरला भाऊ, सासुके हा धाकटा. इताची तेरा वर्षांचा असताना एका रात्री आईवडिलांसह सगळ्या कुळाची कत्तल करतो आणि सात-आठ वर्षांच्या सासुकेला तेवढे जिवंत ठेवतो. पण नुसते जिवंत ठेवून तो थांबत नाही. आपल्या नेत्रशक्तीने तो त्या मुलाच्या मनात मातापित्यांच्या वधाचे दृश्य उभे करतो. तू मारण्याच्याही लायकीचा नाहीस, माझा द्वेष कर आणि त्या द्वेषाच्या आधारे जग, अशा आशयाचे त्याला बजावतो. पुढे काही वर्षांनी दोघांची गाठ पडते, तेव्हा तो सासुकेचे मनगट मोडतो आणि 'त्सुकुयोमी' या मायाविद्येने त्याच हत्याकांडाचा अनुभव त्याला पुन्हा देतो. बाहेरच्या जगातील क्षण त्या मायेत पूर्ण एक दिवसाचा होतो. (जाता जाता हे नोंदवावेसे वाटते, की इताचीच्या तीन प्रमुख विद्यांची नावे त्सुकुयोमी, आमातेरासु आणि सुसानोओ या जपानी पुराणातील तीन भावंडदेवतांवरून घेतलेली आहेत आणि त्या भावंडांचेही आपसात फारसे पटत नाही.)

वाचकांच्या दृष्टीने इताची २००२ मध्ये अवतरला आणि २००८ मध्ये सासुकेशी झालेल्या द्वंद्वात मरण पावला. म्हणजे साप्ताहिकाच्या नियमित वाचकाने सुमारे सहा वर्षे त्याचा तिरस्कार केला. मृत्यूनंतर लगेचच तोबी नावाचा मुखवटाधारी पुरुष सासुकेला सांगतो, की उचिहा कुळ गावाविरुद्ध बंडाच्या तयारीत होते. इताची दोन्ही बाजूंचा हेर होता. दान्झो व अन्य वडीलधाऱ्यांनी त्याच्यापुढे कुळाचा संहार करण्याचा मार्ग ठेवला. धाकट्या भावाला वाचवता यावे म्हणून त्याने तो पत्करला. सासुकेच्या हातून मरावे, म्हणजे तो गावाच्या दृष्टीने वीर ठरेल, अशी त्याची योजना होती.

येथे कथनमीमांसेच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट घडते. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये मांडलेली 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना आपल्या परिचयाची आहे. तोबी हा तसा निवेदक आहे. सत्य सांगत असतानाच तो स्वतःची ओळख खोटी सांगतो: आपण मादारा उचिहा असल्याचा त्याचा दावा पुढे असत्य ठरतो आणि मुखवट्यामागे ओबितो असल्याचे उघड होते. शिवाय सासुकेला गावाविरुद्ध वळवणे हा त्याचा स्वार्थ आहे. त्याने सांगितलेली हकीकत पुढील प्रकरणांतून बहुतांशी खरी ठरते हे मान्य केले, तरी ज्या भावासाठी सर्व काही केले त्या भावाला सत्य कळावे ते एका लबाड माणसाच्या तोंडून, ही व्यवस्था अर्थशून्य नाही. इताचीने स्वतः काहीही न सांगण्याचा निर्णय घेतल्यामुळे त्याच्या जीवनाचे निवेदन कोणाच्याही हाती जाऊ शकत होते. ते तसे गेले.

या उद्घाटनानंतर वाचकवर्गात जे पक्ष पडले, ते अद्याप कायम आहेत. इताचीला हुतात्मा मानणारा पक्ष संख्येने मोठा असावा. २०२३ मध्ये झालेल्या जागतिक पात्रलोकप्रियता-मतदानात इताची दुसऱ्या क्रमांकावर होता. दुसरा पक्ष म्हणतो, की तेरा वर्षांच्या मुलावर राज्यसत्तेने हे लादले, तेव्हा त्याला दोषी न मानता बळी मानावे. तिसऱ्या पक्षाच्या मते हेतू काहीही असो, त्याने सासुकेवर जे केले तो मानसिक छळ होता. याशिवाय काही वाचक असे म्हणतात, की लेखकाने आरंभी इताचीला निखळ खलपुरुष म्हणूनच योजले होते आणि नंतर विचार बदलला. या शेवटच्या मताची दखल थोडक्यात घेऊन पुढे जाता येईल. आठवड्या-आठवड्याने लिहिल्या जाणाऱ्या कृतीत असे बदल संभवतात. परंतु लेखकाच्या मनात काय होते यावर संहितेचा अर्थ टांगून ठेवता येत नाही. प्रसिद्ध झालेली ७२ खंडांची कृती हीच आपल्यापुढची संहिता आहे.

उरलेल्या पक्षांच्या युक्तिवादात एक गफलत सातत्याने होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कुळाची कत्तल आणि सासुकेला दिलेली वागणूक या दोन स्वतंत्र कृती आहेत. वादात मात्र त्या एकाच कृतीसारख्या तोलल्या जातात. तोबीच्या हकीकतीने पहिल्या कृतीचे कारण कळते. ते पुरेसे आहे की नाही यावर मतभेद होऊ शकतील. कारण तेथे यादवी युद्ध आणि संहार यांतून निवड करावयाची होती. दुसऱ्या कृतीची आज्ञा मात्र कोणीच दिलेली नव्हती. भावाला जिवंत ठेवण्यासाठी त्याला आईवडिलांचा मृत्यू पाहावयास लावणे आवश्यक नव्हते. द्वेष हेच जगण्याचे बळ, हा निर्णय इताचीचा स्वतःचा, आणि तो एका लहान मुलाच्या वतीने घेतलेला.

वयाचा युक्तिवाद येथे तपासून पाहावा. तेरा वर्षांच्या मुलाला पर्याय सुचला नाही हे समजण्यासारखे आहे. परंतु मनगट मोडण्याचा प्रसंग घडतो तेव्हा इताची अठराच्या आसपास आहे, आणि अखेरच्या द्वंद्वाच्या वेळी एकवीस वर्षांचा. त्या दुसऱ्या भेटीत किसामे हा साथीदार शेजारी असल्याने त्याला वैर दाखवणे भाग होते आणि गावात येण्याचा खरा उद्देश दान्झोला इशारा देऊन सासुकेला संरक्षण मिळवून देण्याचा होता, असा बचाव केला जातो. तो अंशतः ग्राह्य आहे. पण साथीदारासमोर वैराचे नाटक करावयास मनगट पुरेसे होते. दिवसभराची यातना किसामेला दिसतही नव्हती. ती केवळ सासुकेसाठी होती.

या कथाबंधाला जपानी परंपरेत एक मान्य पूर्वरूप आहे आणि त्याच्याशी तुलना केल्यास किशिमोतो यांचे वेगळेपण स्पष्ट होते. जोरुरी या बाहुलीनाट्यात आणि काबुकीत 'मोदोरी' नावाचा संकेत आहे. शब्दाचा अर्थ 'परतणे'. प्रेक्षक ज्याला दुष्ट समजत आले ते पात्र अखेरीस आपले खरे हृदय प्रकट करते. 'योशित्सुने सेन्बोन झाकुरा' (१७४७) या नाटकातील गोंता हा उडाणटप्पू मुलगा शत्रूला फितूर झाला असे वाटून बाप त्याला भोसकतो. मरता मरता गोंता सांगतो, की थोरांच्या बायकामुलांऐवजी आपण स्वतःची बायको आणि मुलगा शत्रूच्या हवाली केला. 'सुगावारा देन्जु तेनाराई कागामी' (१७४६) मध्ये तर तिळ्या भावांची कथा आहे. त्यांतील मात्सुओमारू शत्रुपक्षाची चाकरी करतो, म्हणून भाऊ त्याचा द्वेष करतात. पुढे कळते, की स्वामीच्या मुलाला वाचवण्यासाठी त्याने आपला मुलगा कोतारो मरणाच्या तोंडी दिला. प्रेक्षक रडतात, मात्सुओ भावासाठी आणि मुलासाठी रडतो, आणि नाटक पुरे होते.

ते पुरे होऊ शकते, कारण कोतारो मेलेला आहे. निष्ठेच्या वेदीवर चढवलेले मूल परत येऊन काही विचारू शकत नाही. किशिमोतो यांनी नेमके हेच बदलले आहे. त्यांच्या कथेत ज्याचे बालपण बळी दिले तो मुलगा जिवंत राहतो, वाढतो, शस्त्र शिकतो आणि प्रश्न विचारतो; शिवाय वाचकाने कथेचा मोठा भाग त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेला असतो. इताचीला केवळ हुतात्मा मानणारे वाचक ही कृती 'मोदोरी'च्या संकेताने वाचतात, म्हणजे प्रकटीकरणाला शेवट समजतात. प्रत्यक्षात त्या प्रकटीकरणानंतर जवळजवळ तीनशे प्रकरणे शिल्लक आहेत.

मराठी वाचकाला या संदर्भात कर्ण आठवल्यावाचून राहणार नाही. युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी, कुंती सत्य सांगते. आणि युधिष्ठिराचा शोक पुढे सत्य लपवणाऱ्या मातेवरील रोषाचे रूप घेतो, इतका की शांतिपर्वात तो समस्त स्त्रीजातीला शाप देतो. सासुकेचा क्रोध अशाच प्रकारे भावाकडून गावाकडे वळतो. अन्याय झालेल्या नायकाच्या अपराधांकडे कानाडोळा करण्याची सवयही आपल्याला अपरिचित नाही. शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही दोन्ही पुस्तके १९६७ मधली. त्यांतील कर्ण शेजारी ठेवून पाहिले, तर भरसभेत द्रौपदीला उद्देशून बोलणाऱ्या कर्णाचे काय करावयाचे हा प्रश्न आपल्याही वाचनसंस्कृतीत किती अवघड आहे, हे ध्यानात येईल.

चित्रकथेचे माध्यम या वादात दुर्लक्षिले जाते, आणि तेथेच कृतीचे सर्वांत सूक्ष्म काम झाले आहे. लहानपणी सासुके 'मला शिकव' म्हणून मागे लागे, तेव्हा इताची दोन बोटांनी त्याच्या कपाळाला टोचून आज नाही, पुन्हा केव्हातरी, असे म्हणे. ही खूण कृतीत पुनःपुन्हा येते. ती लाडाची आहे, पण भावाला हातभर अंतरावर ठेवणारीही आहे. अखेरच्या द्वंद्वात डोळे गमावू घातलेला सासुके भिंतीला टेकलेला असताना इताची रक्ताने माखलेली बोटे पुढे करतो. वाचकाला वाटते, हा डोळे काढणार. आणि तो फक्त कपाळाला स्पर्श करून कोसळतो. त्या स्पर्शाबरोबर तो क्षमा मागतो आणि आता 'पुन्हा' नाही असे सांगतो. शब्दांत लिहिलेल्या कादंबरीला हा परिणाम साधणे कठीण गेले असते, कारण बोटांचे तेच रेखाटन येथे आधी धमकीसारखे आणि मग निरोपासारखे वाचले जाते.

मात्र त्याच स्पर्शातून इताची सासुकेच्या डोळ्यांत आपली एक विद्या पेरून ठेवतो, तोबी समोर येताच ती आपोआप सुटावी म्हणून. सासुके गावावर उलटला तर त्याचे मन बळाने फिरवता यावे, अशी तजवीजही त्याने शिसुई या मित्राच्या नेत्राद्वारे नारुतोकडे करून ठेवलेली असते. मरणानंतरही धाकट्याने काय पाहावे, काय इच्छावे, हे थोरला ठरवू पाहतो. त्याच्या भक्तांना यात वात्सल्य दिसते. मला यात हत्याकांडाच्या रात्रीचेच सातत्य दिसते: भावावर प्रेम आहे, विश्वास नाही.

हे निदान बाहेरून लादलेले नाही. ते संहितेनेच इताचीच्या तोंडी घातले आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकरणांत मंत्रबळाने तात्पुरता परतलेला इताची सासुकेला प्रथमच स्वतःच्या स्मृती दाखवतो. आपण सतत खोटे बोललो, भावाला हाताने दूर ठेवले, प्रारंभापासून समान पातळीवर उभे राहून सत्य सांगितले असते तर कदाचित सारे वेगळे झाले असते, अशी कबुली तो देतो. क्षमा करण्याची गरज नाही असे म्हणतो. आणि या वेळी बोटांनी टोचण्यासाठी उचललेला वाटणारा हात सासुकेच्या डोक्यामागे जातो, दोघांची कपाळे एकमेकांना टेकतात. अंतर ठेवणारी खूण येथे मोडली जाते. इताचीला निर्दोष ठरवू पाहणाऱ्या वाचकांनी त्याच्या या अपराधस्वीकाराला मान द्यावयास हवा. तसेच त्याला केवळ छळकर्ता ठरवणाऱ्यांनी हेही पाहावयास हवे, की हा स्वीकार करण्याइतकी सचोटी कृतीने त्याला दिली आहे.

सासुके क्षमा केल्याचे कोठेही बोलत नाही. त्याने भावाकडून काय घेतले हे २०१४ मधील अखेरच्या प्रकरणांत दिसते. जगातला सारा द्वेष एकट्याने आपल्या अंगावर घ्यावा, म्हणजे इतरांना शांतता लाभेल, अशी योजना तो मांडतो. आणि त्यासाठी नारुतो या आपल्या एकमेव जिवलगाला ठार करावयास निघतो. इताचीचीच युक्ती, आता गावाऐवजी जगाच्या मापाची. द्वंद्वात दोघेही एकेक हात गमावतात तेव्हा कोठे ती मागे पडते. पुढे प्रवासाला निघताना, साकुरा बरोबर येण्याविषयी विचारते तेव्हा सासुके उरलेल्या हाताची दोन बोटे तिच्या कपाळाला टेकवतो, पुन्हा केव्हातरी असे सुचवतो, आणि एकटाच चालू लागतो.