बाटलीतले पाणी, बासनातला प्रबंध

लातूरहून नांदेडकडे एस.टी.ने निघाले की अहमदपूरच्या आधी चाकूर लागते. बाहेरच्यांना हे गाव माहीत असते ते शिवराज पाटील चाकूरकरांमुळे, नाही तर सीमा सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे. पर्यावरणात पीएच.डी. करणाऱ्याला मात्र अशा तालुक्यात आधी दिसतात विहिरी आणि बोअर. काळ्या पाषाणाच्या थरांत पाणी कुठे मुरेल आणि कुठे अडेल, याचा नेम नाही. एका बांधाला बोअर लागते, शेजारच्या बांधाला नुसता फुफाटा उडतो.

संशोधन म्हटले की पांढरा कोट आणि परीक्षानळ्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. इथले काम उन्हातले आहे. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा, त्याच विहिरींवर जायचे. बाटली त्याच पाण्याने विसळून भरायची, गाव-तारखेची चिठ्ठी चिकटवायची, सामू जागेवरच पाहायचा. शेतकऱ्याला या बाटल्यांचे फारसे अप्रूप नसते. त्याचा प्रश्न ठरलेला : "बोअर कुठं घ्यावं, तेवढं सांगा की!"

नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याआधी या भागाचे विद्यापीठ तेव्हाच्या औरंगाबादेत होते. घराजवळ सोय झाली. पण हवामानाचा विषय घेणाऱ्याची खरी अडचण काळाची आहे. हवामानशास्त्राला सरासरी काढायला तीस वर्षे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंधाला मिळतात तीन ते सहा वर्षे. (स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा आहे. सासरच्यांनी याची नोंद घ्यावी.) म्हणजे भिस्त सगळी जुन्या नोंदींवर, कोणीतरी रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाशी जाऊन लिहिलेल्या मिलिमीटरांवर. त्यातून लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधीचे आकडे उस्मानाबाद जिल्ह्यात शोधायचे आणि १९४८ पूर्वीचे निजामाच्या दप्तरात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी किती उरले आहे, हा प्रश्न त्या दिवसांत साऱ्या देशाला कळला. जे उरले आहे ते कसे आहे, हे विचारणारे थोडे, आणि त्यांत हे विद्यार्थी येतात.

नायट्रेटचेच पाहा. खतांतून, गोठ्यातून, संडासाच्या खड्ड्यातून ते झिरपत विहिरीत येते. त्याला ना रंग, ना वास. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. वरचे दूध पिणाऱ्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याहून जास्त नायट्रेट धोक्याचे. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, बाळ निळसर पडू लागते. आई बिचारी पाणी उकळून घेते. उकळण्याने नायट्रेट जात नाही; पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते.

हे सारे प्रबंधात असते. प्रबंध बहुतेक इंग्रजीत. तो 'शोधगंगा' या संगणकीय भांडारात जमा होतो, कोणालाही वाचता येतो. पण आपली विहीर म्हणजे त्यातला 'नमुना क्रमांक चौदा', हे विहिरीच्या मालकाला कोण सांगणार? मला यात विद्यार्थ्याचा दोष दिसत नाही. शिष्यवृत्ती नसली तर तासिका तत्त्वावर शिकवून तो हे काम करतो, आणि त्याला गुण देणारे परीक्षक असतात, गाव नसते.

तरीही एक गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. बाटली भरतानाच नमुन्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घरमालकाच्या हाती द्यावी आणि निकाल आला की चार ओळी मराठीत कळवाव्यात. नायट्रेट जास्त निघाले तर तान्ह्याच्या दुधात हे पाणी घालू नका, एवढे तरी. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून दोन दिवसांच्या आत तपासावा लागतो, म्हणजे आकडा विद्यार्थ्याच्या वहीत त्याच आठवड्यात येतो. प्रबंध पुरा व्हायला त्यानंतर दोन-तीन वर्षे जातात. तोवर ते बाळ बालवाडीत जाऊ लागलेले असते.